बेकरीवाल्याचे साडेसात किलो

दुकानामागच्या लोखंडी बादलीतल्या पाण्यावर ज्या सकाळी पहिल्यांदा बर्फाची साय धरायची, त्या सकाळी काटेवाला दुकान अर्धा तास उशिरा उघडायचा. आधी साय बोटाने मोडून बघायची, मग माळ्यावरची जाड वही खाली काढायची, फडक्याने पुसायची, नव्या पानावर येत्या रविवारची तारीख घालून खाली ‘वजन’ असं लिहायचं, आणि एवढं झाल्यावरच दुकानाच्या फळ्या काढायच्या. समोरच्या न्हाव्याला हे पाठ झालं होतं. दार बंद दिसलं की तो गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळता गुंडाळता म्हणायचा की आली बघा थंडी, आता महिनाभर हा माणूस कुणाच्या कामाचा नाही.

न्हाव्याचं म्हणणं अर्थातच खोटं होतं. काटेवाला कामाला वाघ होता, उलट लोकांना त्याचं काम जरा जास्तच व्हायचं. बाजारातले सगळे वजनकाटे तो दुरुस्त करी आणि वर्षातून एकदा प्रत्येक दुकानात जाऊन तपासून त्यांना मोहोर लावी. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक भोक असतं, त्यात शिसं ओतून वजन नेमकं केलेलं असतं. झिजलं तर शिसं घालायचं, जास्त झालं तर कोरून काढायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. एकदा एका किराणावाल्याचं किलोचं वजन एक ग्रॅमने कमी भरलं आणि याने मोहोर लावायला साफ नकार दिला. एका ग्रॅमने काय आभाळ कोसळणार आहे, असं किराणावाल्याने भर दुकानात विचारलं. काटेवाल्याने तिथेच शिसं वितळवायला घेतलं आणि गिऱ्हाइकांना तासभर ताटकळत ठेवलं. तेव्हापासून बाजारात त्याचं नाव ‘नऊशे नव्व्याण्णव’ पडलं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पाठीमागे सगळे म्हणत.

स्वभावही तसाच. दुसऱ्याने वाचलेला आकडा त्याने जन्मात कधी लिहिला नाही. बायकोने दूधवाल्याचं माप सांगितलं तरी स्वतः उठून बघायचा. तिने सुरुवातीला भांडून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढे तिने नाद सोडला. माहेरी गेली की ती सांगायची, यांना मी आवडते की नाही ते मला अजून कळलेलं नाही, कारण ते अजून मोजून व्हायचंय.

अशा माणसाला वर्षातून एकच चैन होती. भर थंडीत, डोंगरातली तळी गोठली, की बर्फाला गिरमिटाने भोक पाडून, त्यात गळ सोडून, शेजारी तिपाईवर दिवसभर बसायचं. डोंगरात तळी तीन. खालचं तळं बसच्या रस्त्याला लागूनच होतं, मधल्यात मासा नव्हता, आणि वरच्या तळ्याला तीन तासांची उभी चढण होती. काटेवाला आणि त्याचे दोन भिडू वरच्याच तळ्यावर जात. एकतीस वर्षं जात होते. आणि या एका दिवसाच्या बेतासाठी महिनाभर जी तयारी चाले ती बघून बायको म्हणायची, एवढी तयारी आपल्या लग्नात केली असतीत तर वरात वेळेवर पोहोचली असती.

सगळा बेत त्या वहीत असे. डाव्या पानावर सामान आणि प्रत्येक वस्तूचं वजन: गिरमिट, दोरखंड, तिपाया, स्टोव्ह, आमिषाचा डबा, ओढायची घसरगाडी. उजव्या पानावर माणसांची वजनं. कारण बर्फ किती जाड आणि त्यावर किती भार घालायचा, याचा काटेवाल्याने स्वतःचा तक्ता बनवला होता. पंधरा सेंटिमीटर बर्फ असेल तर तीनशे किलो, बारा असेल तर अडीचशे, बाराच्या खाली पाय ठेवायचा नाही. इतर कोळी याहून कितीतरी ढिलाईने वागत आणि सुखरूप घरी येत, पण ते काही काटेवाले नव्हते. म्हणून साय धरल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी दुकानात यायचं आणि बर्फावर जाताना जो अवतार असेल त्याच अवतारात, कोट, बूट, टोपी सगळं घालून, मोठ्या काट्यावर उभं राहायचं, हा शिरस्ता. वहीच्या पहिल्या पानावर आणखी एक नियम होता: ज्याच्या प्रकृतीत काही बिघाड असेल त्याने त्या वर्षी घरी राहावे, अपवाद नाही.

हा नियम त्याने एकदाच लावला होता, आणि तो सख्ख्या थोरल्या भावाला. अकरा वर्षांपूर्वी थोरला काट्यावर चढला आणि त्याने भिंतीला हात टेकला. त्याला धाप लागली होती. काटेवाल्याने वही मिटली आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी ये.” थोरला टोपी काढून घरी गेला, आणि बर्फ वितळायच्या आत वारला. त्यात काटेवाल्याची काही चूक नव्हती. थोरल्याला वर नेलं असतं तर कदाचित खांद्यावरून खाली आणावं लागलं असतं. हे सगळ्यांना पटलेलं होतं, त्यालाही. तरीपण ‘पुढच्या वर्षी’ हे दोन शब्द त्यानंतर त्याच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. गिऱ्हाइकालासुद्धा तो ‘बारा महिन्यांनी’ असं सांगायचा.

थोरल्याच्या जागी मग बायकोचा धाकटा भाऊ यायला लागला. मेहुणा बस चालवायचा, आवाज मोठा, भूक त्याहून मोठी. तिसरा भिडू पहिल्यापासूनचा: कोपऱ्यावरचा बेकरीवाला. काटेवाला आणि बेकरीवाला लहानपणी एका बाकावर बसलेले. दुकानात उरलेले शिशाचे तुकडे काटेवाला त्याला द्यायचा आणि बेकरीवाला ते भट्टीच्या तोंडाशी वितळवून गळाला बांधायचे गोळे ओतायचा. एकेक गोळा पन्नास ग्रॅमचा, ना कमी ना जास्त. पावाच्या गोळ्यांवर आयुष्य गेलेला माणूस, त्याचा हातच काटा झालेला होता.

त्या वर्षीच्या रविवारी आधी काटेवाला स्वतः चढला: बासष्ट किलो आठशे. मग मेहुणा: शहाण्णव दोनशे. मेहुण्याने काट्याला तेल घालायची सूचना केली. काटेवाल्याने काट्याला नव्हे, जेवणातल्या तेलाला हात आखडायला सांगितलं. मग बेकरीवाला चढला. काटेवाला वाकला, आकडा वाचला आणि लिहिला: एक्याऐंशी चारशे. सवयीने त्याने मागचं पान उलटून गेल्या वर्षीचा आकडा पाहिला. एक्याऐंशी चारशे.

“तब्येत ठेवावी तर अशी,” मेहुणा म्हणाला.

बेकरीवाला हसला आणि काट्यावरून उतरला. दुकानात शेगडी पेटलेली होती, मेहुण्याने कोट काढून खुर्चीवर टाकला होता, काटेवाला सदऱ्यावर होता. बेकरीवाला चहा होईपर्यंत बटणं लावून उभाच राहिला, खुर्चीवर बसला नाही, आणि भट्टी बघायची आहे म्हणून कप अर्धा ठेवून निघून गेला.

काटेवाल्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माणूस म्हणजे काही लोखंडाचा ठोकळा नव्हे. चहा पिण्याआधी आणि प्यायल्यावर एकाच माणसाचे दोन आकडे येतात. एकतीस वर्षांच्या वहीत कुणाचेही लागोपाठचे दोन आकडे सारखे आलेले नव्हते, त्याचे स्वतःचेसुद्धा नाहीत. काटा बिघडला असेल म्हणून त्याने पितळी वजनं काढून तो तपासला. काटा चोख होता. काटा बरोबर असेल तर माणूस चुकतोय, हे तो रोज बाजारात लोकांना सांगत असे.

सोमवारी पहिली भट्टी निघून गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर तो बेकरीच्या मागच्या दाराने आत गेला. पिठाची पोती जोखायचा मोठा काटा तिथे कोपऱ्यात होता, त्यावर महिन्यापूर्वी यानेच लावलेली मोहोर होती. बेकरीवाला ओटा खरवडत होता. नुसत्या सदऱ्यात त्याच्या खांद्यांची हाडं दिसत होती, आणि पट्ट्याला चाकूने पाडलेलं एक नवं भोक होतं.

“काटा बघायला आलास? गेल्याच महिन्यात तर मोहोर लावून गेलास,” तो म्हणाला.

“काटा ठीक आहे. तू चढ.”

“काल चढलो की.”

“काल कोट चढला होता,” काटेवाला म्हणाला. “ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? खिसे रिकामे कर, कोट घाल आणि चढ.”

बेकरीवाल्याने खुंटीवरचा कोट काढला. दोन बाहेरचे खिसे, दोन आतले, आणि अस्तराला आतून शिवलेली एक पिशवी. त्यातून तो शिशाचे गोळे काढून ओट्यावर मांडत गेला, पाव मांडायच्या सवयीने दहा-दहाच्या ओळींत. पंधरा ओळी झाल्या. मग कोट घालून काट्यावर उभा राहिला. त्र्याहत्तर नऊशे.

साडेसात किलो. गेल्या अकरा-बारा वर्षांत काटेवाल्याने दिलेलं सगळं शिसं ओट्यावर होतं. दुसरा कोणी असता तर त्याने अंदाजाने काहीबाही खिशात भरलं असतं, आकडा ऐंशी नाहीतर ब्याऐंशी आला असता आणि ते पचलंही असतं. पण बेकरीवाल्याला अंदाजाने काही करताच येत नव्हतं. त्याने इथे, याच काट्यावर, एकेक गोळा वाढवत गेल्या वर्षीचा आकडा बरोब्बर गाठला होता, आणि तिथेच पकडला गेला.

मग त्याने सांगितलं. पोटात गाठ निघाली होती. चार महिने अन्न जात नव्हतं. येत्या महिन्याच्या सव्वीस तारखेला, गुरुवारी, ऑपरेशन ठरलं होतं. उघडल्यावर काय निघेल ते डॉक्टरही सांगत नव्हते. बायकोला ठाऊक होतं, आणखी कुणाला नाही.

“मला का नाही सांगितलंस?” काटेवाल्याने विचारलं.

“सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?”

काटेवाल्याने ओट्यावरच्या गोळ्यांची एक ओळ बोटाने सरळ केली.

“थोरल्याला म्हणालास तेच. मी तेव्हा तिथेच उभा होतो. तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. पण मला ते ऐकायचं नव्हतं. एकदा जाऊन येतो, मग काय चिरायचं ते चिरू देत.”

काटेवाल्याला मान वर करवेना. मित्राला आपल्यापासून आजार लपवावा लागला, खिशात शिसं घालून आपल्यासमोर हसावं लागलं, याची त्याला लाज वाटली. रागही आला, पण तो कुणाचा ते कळेना. तो गोळे एकेक करून डब्यात भरत राहिला. सगळे भरून झाल्यावर म्हणाला की वरच्या तळ्यावर तू येणार नाहीस. बेकरीवाल्याने मान हलवली, त्याने हे धरूनच ठेवलं होतं. मग काटेवाला म्हणाला की वरच्या तळ्यावर कोणीच जाणार नाही, सगळे खालच्या तळ्यावर जाऊ.

खालच्या तळ्यावर पोरंटोरं जातात, आपल्याला बघून लोक हसतील, असं बेकरीवाला म्हणाला. हसू देत, काटेवाला म्हणाला. डॉक्टरांना विचारलंस का, हा पुढचा प्रश्न. बेकरीवाल्याने विचारलं होतं. चढ चढू नका, दमू नका, नुसतं बसून राहायला हरकत नाही, असं ते म्हणाले होते. कुठे बसणार हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं आणि याने सांगितलं नव्हतं. तेवढ्यात आतल्या दारातून बेकरीवाल्याची बायको, म्हणजे काटेवाल्याच्या वहिनी, पुढे आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. उद्याच्या उद्या डॉक्टरांना जागा सांगायची, ते हो म्हणाले तरच कोट अंगात घालायचा, आणि भाऊजी, जबाबदारी तुमची, एवढं बोलून त्या पाव मोजायला निघून गेल्या. डॉक्टरांनी दोन दिवस विचार केला आणि कोरडं राहण्याच्या, खाली जाड गादी घेण्याच्या आणि चार तासांत बर्फावरून उठण्याच्या अटीवर होकार दिला.

बेकरीवाल्याचीही एक अट होती. मेहुण्याला सांगायचं नाही. तो वाईट माणूस नाही, पण त्याला सांगितलं की बसमधल्या चाळीस जणांना कळतं आणि संध्याकाळपर्यंत गावाला. लोक मग पाव घेताना तोंडाकडे बघत बसतात. काटेवाल्याने शब्द दिला. मेहुण्याला त्याने सांगितलं की माझा गुडघा धरलाय, यंदा चढण जमणार नाही. आयुष्यात ग्रॅमभर खोटं न बोललेल्या माणसाने ते इतक्या वाईट रीतीने सांगितलं की दुसऱ्या कुणाला लगेच संशय आला असता. मेहुण्याला आला नाही. तो फक्त म्हणाला, भाऊजी, तुम्ही म्हातारे झालात, आणि पुढे आठवडाभर भेटेल त्याला तेच सांगत सुटला. न्हाव्याने गुडघ्याला चोळायला तेल आणून दिलं. काटेवाल्याला दोन दिवस आठवणीने लंगडावं लागलं, त्यात एकदा तो भलत्याच पायाने लंगडला.

खरी अडचण वेगळीच होती. वरच्या तळ्यावर बर्फ हातभर असतो, खालचं तळं उशिरा धरतं. आणि सव्वीस तारीख काही थांबणार नव्हती. त्याआधीचा शेवटचा रविवार बावीस. बावीस तारखेपर्यंत खालच्या तळ्यावर निदान बारा सेंटिमीटर बर्फ धरायला हवा होता, नाहीतर सगळा बेत वहीतच राहणार होता.

मेहुण्याची बस रोज दुपारी त्या तळ्यावरून जायची. तिथल्या थांब्यावर पाच मिनिटं बस उभी करून मेहुणा काठाशी आडवा व्हायचा, हात लांब करून गिरमिटाने भोक पाडायचा आणि त्यात काठी घालून बर्फाच्या जाडीइतकी खूण करायचा. प्रवासी आधी ओरडले. चौथ्या दिवसापासून तेच खिडकीतून किती झालं म्हणून विचारायला लागले, आणि एका शाळामास्तरांनी तर बसमध्ये फळा लावायची सूचना केली. संध्याकाळी मेहुणा दुकानात येऊन आकडा सांगायचा. काटेवाला तो ऐकून घ्यायचा, लिहायचा नाही. काठी हातात घेऊन, स्वतःची पट्टी लावून, खूण स्वतः मोजायचा आणि मग लिहायचा. पाच. सहा. आठ. पंधरा तारखेला ऊन पडलं आणि आठाचे सात झाले. काटेवाला त्या दिवशी बादलीपाशी चार वेळा जाऊन आला, जणू बादलीकडे बघून तळं गोठणार होतं. बेकरीवाला रोज दुपारी पाव द्यायच्या निमित्ताने यायचा, वहीकडे नजर टाकायचा आणि जायचा. सोळाला पुन्हा थंडी पडली. साडेआठ, साडेनऊ, साडेदहा, अकरा, साडेअकरा.

एकवीस तारखेला शनिवारी संध्याकाळी तिघे दुकानात जमले. मेहुण्याने काठी दिली. काटेवाल्याने पट्टी लावली. बारा, पुरे बारा, केसभरही जास्त नाही.

“बाराला अडीचशे किलो,” तो म्हणाला आणि पेन्सिल घेऊन बसला.

घसरगाडी आधीच काढून टाकली. तंबू काढला. मेहुण्याची खाण्याची पिशवीही काढली, त्यावर थोडी वादावादी झाली. गिरमिट, दोरखंड, तिपाया, गादी, छोटा स्टोव्ह, गळ आणि आमिष असं कमीत कमी सामान चौदा किलोवर आलं. मग माणसांची वजनं. काटेवाल्याचा हात बेकरीवाल्याच्या आकड्यापाशी थांबला. वहीत एक्याऐंशी चारशेच लिहिलेलं होतं. त्याने दिलेला शब्द त्याला आठवला आणि त्याने होतं तेच धरून बेरीज केली. दोनशे चोपन्न किलो चारशे.

मेहुण्याने वाकून बेरीज पाहिली. साडेचार किलोने काय होतंय, असं तो आधी म्हणाला, मग कुणाशी बोलतोय ते आठवून गप्प बसला. चौदातलं आणखी काही काढता येतंय का ते बघितलं. स्टोव्ह काढला तर चहा नाही, दोरखंड काढायचा प्रश्नच नव्हता, गादी ही डॉक्टरांची अट. आपणच घरी राहावं का असंही मेहुणा म्हणाला, पण सामान वाहणार कोण आणि बस-डेपोतून गाडी मागून आणलेली, ती चालवणार कोण. शेवटी त्याने हात झटकले.

“जाऊ दे ना भाऊजी. तळं कुठे पळून चाललंय? पुढच्या वर्षी जाऊ.”

काटेवाला वहीकडे बघत राहिला. खरा आकडा त्याला ठाऊक होता. तो उच्चारला की बेत जमत होता, आणि तो उच्चारायची त्याला मुभा नव्हती. त्याने बेकरीवाल्याकडे बघायचंही टाळलं, कारण नुसतं बघणंदेखील मागणं झालं असतं.

“माझा आकडा खोटा आहे,” बेकरीवाला म्हणाला. “त्र्याहत्तर नऊशे लिही.”

मेहुण्याला आधी काही कळलं नाही. मग बेकरीवाल्याने कोट काढला, खुंटीला लावला आणि गाठीचं, गुरुवारचं, खिशातल्या शिशाचं, सगळं पाच-सहा वाक्यांत सांगून टाकलं. मेहुणा इतका वेळ गप्प राहिलेला त्या दुकानात कुणी कधी बघितला नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवले नाहीत.

“साडेसात किलो,” तो शेवटी म्हणाला. “आधी बोलला असतास तर माझ्यातले दिले असते.”

बेकरीवाला हसला, आणि या वेळचं हसू खरं होतं. काटेवाल्याने एक्याऐंशी चारशेवर रेघ मारली. एकतीस वर्षांच्या वहीतली ती पहिली खाडाखोड. शेजारी त्र्याहत्तर नऊशे लिहिलं आणि पुन्हा बेरीज केली. दोनशे सेहेचाळीस नऊशे. तीन किलो शंभर ग्रॅम शिल्लक राहिले. मेहुण्याने तेवढ्यात खाण्याच्या पिशवीचा विषय पुन्हा काढला.

रविवारी सकाळी काटेवाला आधी एकटाच बर्फावर गेला. सात ठिकाणी भोकं पाडून सातही ठिकाणी त्याने स्वतः जाडी मोजली, तोवर दोघं काठावर कुडकुडत उभे. मग एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर तिपाया लागल्या. वहिनींनी बेकरीवाल्याला इतकं गुंडाळून पाठवलं होतं की त्याचं नाक तेवढं बाहेर होतं. शेजारी खरंच पोरंटोरं होती, त्यांनी या तिघांना बघून हसूनही घेतलं. बर्फ मधूनच खोल आवाज करून आवळायचा आणि दर आवाजाला काटेवाला भोकात पट्टी घालून जाडी पुन्हा मोजायचा. त्याला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी, आणि त्याचा मेळ कसा घालायचा हे त्याला कळत नव्हतं. बेकरीवाल्याने कोटात भरलेल्या त्या गोळ्यांपैकीच एक गळाला बांधला होता.

साडेतीन तासांत एकच मासा लागला, तो बेकरीवाल्याला. काटेवाल्याने ताणकाट्याला लावला. मेहुणा लांबून ओरडला की किलो लिहा हो, आज तरी किलो लिहा. काटेवाल्याच्या मनात क्षणभर तेही आलं. त्याने बेकरीवाल्याकडे पाहिलं.

“जेवढा आहे तेवढा लिही,” बेकरीवाला म्हणाला. “माझ्याकडून खोटे आकडे पुरे झाले.”

नऊशे चाळीस, काटेवाल्याने लिहिलं. चार तास भरायला दहा मिनिटं असताना त्याने सामान आवरलं. परतताना बेकरीच्या दारात उतरल्यावर बेकरीवाला गाडीच्या खिडकीपाशी थांबला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी वरच्या तळ्यावर. काटेवाल्याला हो म्हणायचं होतं. “वजनाला ये,” एवढंच तो म्हणाला.

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, तिच्याबरोबर पोटाचा बराच भाग गेला. पुढचे तीन महिने चांगले नव्हते. बेकरी वहिनींनी आणि पुतण्याने चालवली, पाव तेवढ्याच वजनाचे निघत राहिले. काटेवाला रोज दुपारी दवाखान्यात आणि पुढे घरी जाऊन बसायचा. बोलणं फारसं होत नसे. वहीबद्दल दोघांपैकी कुणी विषय काढला नाही.

थंडी परत आली. बादलीवर साय धरली, दुकान अर्धा तास उशिरा उघडलं, न्हाव्याने म्हणायचं ते म्हटलं. रविवारी मेहुणा आधी आला आणि सत्त्याण्णवला टेकला. मग दार उघडून बेकरीवाला आत आला. त्याने कोट काढून मेहुण्याच्या हातात दिला, हा वेगळा जोखा म्हणाला, पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर ओढले, बेकरीच्या किल्ल्यासुद्धा टेबलावर ठेवल्या, आणि काट्यावर उभा राहिला. भिंतीला हात टेकला नाही.

काटेवाला आकडा वाचायला वाकला. काचेमागचा काटा स्थिर होता, पण त्याला तो दिसेना. त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला, तरी दिसेना. मेहुणा शेजारून वाकला.

“अडुसष्ट सहाशे, भाऊजी.”

काटेवाल्याने वही उघडली आणि अडुसष्ट सहाशे असं लिहिलं. मग कोट जोखायला घेतला.